आईचे कान दमतात तेव्हा

प्रश्न एका आईचा आहे. थोरला ९ वर्षांचा, मधली ६ वर्षांची, धाकटा साडेतीनचा. त्या लिहितात: ‘मी लहानपणापासून अबोल. नवरा बोलका, थोरला आणि धाकटा त्याच्यावर गेलेत. सकाळी डोळे उघडल्यापासून घरात कोणी ना कोणी बोलत, गात, भांडत असतं. संध्याकाळपर्यंत माझं डोकं भणभणायला लागतं. मग काहीतरी निमित्त काढून मी बाथरूममध्ये जाते, कडी लावते आणि फोन बघत बसते. परवा मुलं दार वाजवायला लागली तेव्हा आतूनच जोरात ओरडले. बाहेर आले तर धाकट्याने विचारलं, “आई, तुला आम्ही नको असतो का?” घरातली मोठी माणसं म्हणतात, तू मुलांशी फार बोलत नाहीस, मुलं मागे पडतील. मधली मात्र माझ्यासारखी आहे. गोंधळ वाढला की पलंगाखाली जाऊन बसते. मी काय करू?’

धाकट्याच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तो तुम्हाला टोचला असेल, पण त्याने फार नेमकं विचारलं आहे. त्याने काय पाहिलं ते त्याच्या उंचीवरून बघा. आई काही न सांगता उठून जाते. आतून कडी लागते. हाक मारली तर उत्तर येत नाही, दार वाजवलं तर राग येतो. साडेतीन वर्षांचं मूल जे काही घडतं त्याचा संबंध स्वतःशीच लावतं. ‘आईचे कान दमले असतील’ हा विचार त्याला आपणहून सुचू शकत नाही. त्याला सुचतं ते एवढंच की आपण काहीतरी केलं म्हणून आई गेली.

गेली २२ वर्षं मी पालकांबरोबर काम करते आहे. आई किंवा बाबा अबोल आहेत म्हणून मुलांचं बिघडलं असं मला क्वचितच दिसलं. आपल्याला शांतता लागते हे जे पालक लपवतात, त्यांच्या घरात मात्र हाच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो, कधी शब्दांत, कधी मुलाच्या वागण्यातून. तुम्हाला शांतता हवी यात काही चूक नाही. ती तुम्ही चोरून घेता आहात, तिथं गाडं अडलं आहे. तीच शांतता मुलांना सांगून, वेळ ठरवून घेतलीत, तर तिचा त्रास होत नाही. उलट ती मुलांच्या कामाची ठरते, कशी ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ‘बाकीच्या आयांना जमतं, मलाच का सहन होत नाही?’ हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण ओळींमधून तो दिसतो. १९८४ साली रसेल गीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. लोकांना शिकण्याचं एक काम दिलं आणि ते करताना कानावर पडणारा आवाज किती मोठा ठेवायचा ते त्यांनाच ठरवू दिलं. अंतर्मुख लोकांनी आवाज कमी ठेवला, बहिर्मुख लोकांनी जास्त. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोन्ही गटांचं काम सारखंच चांगलं झालं. एका गटाला दुसऱ्या गटाच्या पसंतीचा आवाज दिला, तेव्हा काम बिघडलं. तुमच्या घरात आवाजाची पातळी बहुमताने ठरते, आणि बहुमत तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे घालून वावरता आहात, म्हणून दमता.

आणि आवाज खरोखरच मोठा असतो. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं. कडेवरचं मूल कानाजवळ किंचाळून रडलं तर आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. या मोजपट्टीवर दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. तेव्हा भणभणणारं डोकं हा तुमच्या मनाचा खेळ नाही.

आता कडी आणि फोनबद्दल. फोन तुम्ही विश्रांती म्हणून उघडता, पण त्यातही माणसं बोलत असतात, भांडत असतात, काहीतरी मागत असतात. पंधरा मिनिटांनी तुम्ही बाहेर येता तेव्हा कान जरा निवलेले असतात आणि डोकं तितकंच भरलेलं. मी पालकांना सांगते, आठवडाभर फोन बाहेर ठेवून आत जा. नुसत्या भिंतीकडे बघत बसा. पाच मिनिटं पुरतात, हे त्यांना स्वतःलाच कळतं.

मुलांसमोर फोनमध्ये डोकं घालून बसण्याबद्दल तर मी जास्तच आग्रही आहे. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात काही महिन्यांच्या बाळांबरोबर एक प्रयोग केला. आई बाळाशी हसतखेळत बोलते, आणि मग मिनिट-दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच परत आलं नाही की ते मान फिरवतं, रडायला लागतं. पुढे संशोधकांनी कोऱ्या चेहऱ्याऐवजी आईच्या हातात फोन देऊनही असे प्रयोग केले, आणि बाळं तेव्हाही अस्वस्थ झाली. ‘मी शांत असते म्हणजे मुलांना कोरा चेहरा दाखवते का?’ अशी भीती इथं अनेकींना वाटते. तसं नाही. अबोल माणसाचा चेहरा कोरा नसतो. तुम्ही एक शब्द न बोलता मुलाकडे बघून मान हलवता, भुवया उंचावता, तेव्हा त्याला उत्तर मिळालेलं असतं. कोरा चेहरा येतो तो माणूस शरीराने तिथं असून मनाने निघून गेलेला असतो तेव्हा, आणि तसं बोलक्या माणसाचंही होतं.

ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. चांगलं जमणाऱ्या आई-बाळांचेही सूर एकूण वेळेतला साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं यात जातो. तुमचं परवाचं ओरडणं ही एक चुकामूक होती. जुळवून घेणं बाकी आहे, आणि ते आजही करता येईल. खाली बसून, धाकट्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, एवढंच: ‘परवा मी ओरडले. ते चुकलं. तू हाक मारलीस त्यात तुझी काही चूक नव्हती. आईचे कान दमले होते आणि आईने ते सांगितलंच नाही. तू मला नेहमी हवा असतोस, कान दमले तरी.’ यापुढे ‘पण’ जोडू नका. ‘पण तुम्ही पण किती आरडाओरडा करता’ हे वाक्य आलं की आधीचं सगळं वाया जातं.

‘कान दमलेत’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम वापरते. ‘मला एकटं राहू द्या’, ‘डोकं उठवलंत’ यात मुलांकडे बोट जातं. पाय दमतात तसे कान दमतात, हे मुलाला लगेच समजतं. पाय दमले म्हणून कोणी बसलं तर त्याचा राग येत नाही.

मग ती दहा मिनिटं कशी घ्यायची? कडी लावण्याआधी सांगा: ‘माझे कान दमलेत. मी खोलीत दहा मिनिटं बसणार. हे वाळूचं घड्याळ संपलं की मी बाहेर येईन.’ वाळूचं घड्याळ किंवा ज्यात वेळ कमी होताना दिसतो असं काहीही, मुलांच्या बाजूला ठेवा. साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘दहा मिनिटं’ म्हणजे काहीच नसतं, सरकणारी वाळू मात्र त्याला दिसते. आणि ती संपायच्या थोडं आधी बाहेर या. हे फार महत्त्वाचं आहे. पहिले आठ-दहा दिवस मुलं दार वाजवतील, वाळू हलवतील, रडतील. तेव्हाही ओरडायचं नाही, दार उघडून बसायचं नाही, आतूनच शांतपणे ‘वाळू संपली की येते’ म्हणायचं आणि वेळेआधी यायचं. आई सांगून जाते आणि सांगितल्याप्रमाणे परत येते, हे मुलांच्या अंगात भिनलं की दार वाजणं आपोआप कमी होतं. धाकट्याबरोबर सुरुवात तीन मिनिटांनी करा, लगेच दहा नको. अर्थात घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर इतक्या लहान मुलाला बाहेर सोडून आतून कडी लावू नका. त्याच खोलीत, तो दिसेल अशी एक खुर्ची ठरवा. ‘आई या खुर्चीत असली की कान झोपलेले असतात.’

कानात घालायचे बोळेही चालतात. त्याबद्दल अनेकींना अपराधी वाटतं, ते वाटू देऊ नका. त्यांनी आवाज बंद होत नाही, त्याची धार जाते. मुलं नजरेसमोर असताना घाला. धाकटा अंघोळ करत असताना, दुसऱ्या खोलीत असताना किंवा तुम्ही घराबाहेर, रस्त्यावर असताना नको.

वेळ कुठली, यावर माझं ठाम मत आहे. बहुतेक पालक अगदी सहन होईनासं झालं की शांतता शोधायला उठतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण ओरडणं ओठांवर आलेलं असतं. गोंधळाच्या वेळा रोज जवळजवळ ठरलेल्या असतात, त्यामुळे आपली वेळ त्यांच्या आधी ठेवा. आणि बाहेरून घरी आलात, किंवा मुलं शाळेतून आली, तर पहिली पंधरा मिनिटं मुलांना द्या, पूर्ण, फोन न घेता, बसून. आधी मला जरा बसू दे आणि मग तुमच्याशी बोलते, हा क्रम चालत नाही. दिवसभर साठवून ठेवलेलं मुलं तुम्हाला सांगणारच. ते पंधरा मिनिटांत सांगून झालं की तुमची दहा मिनिटं सोपी जातात. उलट क्रमाने गेलात तर तासभर मागे लागतात.

घरातला आवाज मुळातच खाली आणता येतो, आणि तो ‘हळू बोला’ म्हणून येत नाही. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये नोंदवलं होतं की मागे आवाज असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. कळून-सवरून नव्हे, आपोआप. तुमच्या घरात हा जिना रोज चढला जात असणार: टीव्ही चालू, त्यावरून थोरल्याचा आवाज, थोरल्यावरून धाकट्याचा, आणि सगळ्यांवरून तुमचा ‘शांत बसा!’ टीव्ही कोणी बघत नसेल तेव्हा बंद करा. हा एकच बदल बहुतेक घरांत सगळ्यात जास्त फरक पाडतो. मोकळ्या भिंती आणि उघडी फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट यांनी तो बोथट होतो. आणि मुलाला काही सांगायचं असेल तर खोलीच्या या टोकावरून हाक मारू नका. चालत जा, खांद्यावर हात ठेवा, हळू आवाजात सांगा. अबोल माणसाला हे मुळातच जमतं, आणि गजबजाटात मुलं ते ऐकतात.

आता ‘मुलं मागे पडतील’ या टोमण्याकडे. मुलांच्या भाषेसाठी बोलणं लागतं यात शंका नाही. पण २०१८ साली रेचेल रोमिओ या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि मुलं गोष्ट ऐकत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनही केलं. मोठ्यांनी एकूण किती शब्द उच्चारले यापेक्षा मुलाशी किती वेळा देवाणघेवाण झाली, म्हणजे तू बोललास, मी बोलले, मग परत तू, याचा भाषेशी संबंधित मेंदूच्या कामाशी जास्त घट्ट संबंध दिसला. सतत बोलत राहणारं माणूस मुलाची पाळी कधीकधी खाऊन टाकतं. तुम्ही एक प्रश्न विचारता आणि मग थांबता. ते थांबणं मुलासाठी जागा असते. रात्री झोपताना प्रत्येक मुलाबरोबर पाच-सात मिनिटं अशी एकेकट्याची काढा. तिघांसमोर एकदम बोलणं तुम्हाला दमवतं, एकाशी बोलणं बहुधा दमवत नाही. हे माझ्याकडे येणाऱ्या अनेक अबोल पालकांनी सांगितलं आहे.

आणि न बोलता बरोबर असणं, याला तर मी फार मोठं मानते. एक बाबा माझ्याकडे येत असत. तुमच्यासारखेच, कमी बोलणारे. ‘मुलाशी खेळायचं म्हणजे नक्की काय बोलायचं?’ हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना एवढंच सांगितलं की जमिनीवर बसा, हात मोकळे ठेवा आणि काही सुचवू नका. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा ठोकळ्यांचा मनोरा रचत होता. थोड्या वेळाने त्याने वर न बघता एक निळा ठोकळा बाबांच्या उघड्या तळहातावर ठेवला. बाबा गोंधळले, माझ्याकडे बघू लागले. मी मानेने ‘असू दे’ म्हटलं. मुलगा पुढचे चार-पाच ठोकळे रचून परत आला, तळहातावरून तो निळा उचलला आणि बरोबर टोकावर ठेवला. मग लाल ठोकळा तळहातावर आला. असं कितीतरी वेळा. अर्ध्या तासात त्या दोघांत पाच-सहाच शब्द झाले असतील. शेवटी मुलाने मनोरा दाखवून मला सांगितलं, ‘हा मी आणि बाबांनी केला.’

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकांनी १९५८ मध्ये मांडलं की एकटं राहता येणं ही क्षमता आहे, आणि मूल ती कोणाच्या तरी सोबतीत शिकतं. आई जवळ असते, काही मागत नाही, काही शिकवत नाही, आणि मूल आपल्या खेळात हरवून जातं. हे देणं बोलक्या पालकाला मुद्दाम शिकावं लागतं, तुम्हाला ते येतं. म्हणून शांतता मुलांच्या कामाची ठरते असं मी वर म्हटलं. दिवसातून एकदा, सगळ्यांनी मिळून वीस मिनिटांचा ‘शांत वेळ’ सुरू करा. प्रत्येकाची आपापली जागा, आपापलं काम, स्क्रीन नाही, कंटाळा आला तरी चालेल. तुम्ही मध्ये बसा, वाचा किंवा काहीच करू नका. पहिला आठवडा फसेल. पाच मिनिटांपासून वाढवत न्या.

नवऱ्याशी बोलताना स्वभावाबद्दल बोलू नका. ‘तुला कळतच नाही मला किती त्रास होतो’ यावर ‘मुलं आहेत, गोंधळ होणारच’ हेच उत्तर येतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. घड्याळाबद्दल बोला. ‘रोज सात ते सव्वासात मुलं तुझ्याकडे, आणि त्यात तू मला हाक मारायची नाहीस.’ ‘जरा वेळ दे’ ही मागणी विरघळून जाते, ‘सात ते सव्वासात’ टिकते. शिवाय तुमच्या दोन्ही मुलग्यांना आरडाओरडा लागतो, तोही खरी गरज म्हणूनच. ती भागवायला तुमचा नवरा अगदी योग्य माणूस आहे. धिंगाण्याचा तास त्याच्याकडे, शक्यतो घराबाहेर, मोकळ्यावर. तुम्ही त्यात नसाल तर मुलांचं काही अडत नाही.

एक तपासणी मात्र प्रामाणिकपणे करा. अंतर्मुख माणसाचा थकवा एकांताने उतरतो. चांगला तासभर, किंवा एक अख्खी सकाळ एकटीने मिळाली की तुम्हाला मुलांची आठवण येते का? त्यांच्याकडे परत जावंसं वाटतं का? वाटत असेल तर वर लिहिलेलं पुरेल. एकांत मिळूनही रितेपण तसंच राहत असेल, झोप बिघडली असेल, मुलांचं काम हात करतात पण आत काही हलत नसेल, ‘मी पूर्वी अशी नव्हते’ असं सारखं वाटत असेल, तर हे स्वभावाच्या पलीकडचं आहे. नैराश्य असू शकतं, किंवा पालकत्वाचा तो टोकाचा थकवा, ज्यावर बेल्जियममध्ये इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचॅक यांनी बरंच संशोधन केलं आहे. सगळं सोडून निघून जावं, स्वतःला किंवा मुलाला इजा करावी असे विचार येत असतील तर आजच डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, थांबू नका. आणि साध्या आवाजांनी कान दुखत असतील, किंवा चघळण्यासारख्या ठरावीक आवाजानेच संताप उसळत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्याचं कारण वेगळं असतं आणि उपायही.

राहिली तुमची मधली मुलगी. ती पलंगाखाली जाते आणि तुम्ही बाथरूममध्ये. दोघीही न सांगता, दोघीही लपून. तिला बाहेर ओढू नका, ‘सगळ्यांमध्ये मिसळ’ म्हणू नका. पुढच्या वेळी गोंधळ झाला की पलंगाजवळ जमिनीवर बसा आणि हळूच विचारा, ‘तुझे पण कान दमले का?’ मग तिला एक कोपरा द्या, उशी आणि पुस्तक ठेवून, आणि भावांना सांगा की ती तिथं असताना हाक मारायची नाही. त्याबरोबर तिला ते वाक्यही द्या, जे तुम्ही आता म्हणायला शिकणार आहात: ‘मी जरा कोपऱ्यात बसते, मग येते.’ वाळूचं घड्याळ कधीतरी तीच आणून तुमच्या हातात देईल. तेव्हा तिला शेजारी बसवून घ्या.